उघड्या कातळावर पाय ठेवा: अटलांटाजवळच्या पनोला आणि अरेबिया डोंगरांवरच्या सोप्या फेऱ्या

अटलांटात नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतो: इथे डोंगर कुठे आहेत? उत्तरेचे ब्लू रिज डोंगर देखणे आहेत, पण गाडीने दीड-दोन तास लागतात. भारतातून आलेले आई-बाबा किंवा चार वर्षांचं मूल सोबत असलं की दर शनिवारी एवढं जमत नाही. स्टोन माउंटनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिथे गर्दीही तशीच. म्हणून मी नवीन माणसाला आधी पनोलाला पाठवते आणि मग अरेबियाला. दोन्ही शहराच्या आग्नेयेला आहेत, चढ फार नाही, आणि सकाळी निघालात तर जेवायला घरी परत येता.

जायचं कसं, चालायचं कुठून, काय पाहायचं ते पुढे सांगते. त्याआधी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण या जागेत बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. कातळावर चालताना पाय नागड्या दगडावर ठेवायचा. मातीवर नाही, शेवाळावर नाही, आणि कोरड्या, रिकाम्या दिसणाऱ्या खळग्यात तर मुळीच नाही.

हा दगड आपल्या दगडासारखा नाही

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाचे पाय बसाल्टला सरावलेले असतात. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तयार झाला, म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो आणि कडे सरळ उभे राहतात. पनोलाचा ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना, 30 कोटी वर्षांच्या आसपासचा. शिलारस जमिनीच्या पोटात खोलवर हळूहळू थिजला आणि वरचं सगळं झिजून गेल्यावर उघडा पडला. वरचा भार उतरला की असा दगड कांद्यासारखे पापुद्रे सोडतो. म्हणून इथे टोक नाही, कडा नाही. पालथ्या कढईसारखी पाठ आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ती चढता येते ती याच कारणाने.

अरेबियाच्या दगडाला व्यवहारात ग्रॅनाइटच म्हणतात, पण भूशास्त्राच्या हिशेबात तो नाईस (gneiss) नावाचा खडक आहे, पनोलापेक्षाही जुना. उष्णतेने आणि दाबाने अर्धवट वितळून पुन्हा घट्ट झालेला. त्यात राखाडी-पांढरे पट्टे लाटांसारखे वळत गेलेले दिसतात. मुलांना एका पट्ट्यावर बोट ठेवून तो कुठवर जातो ते शोधायला सांगा. चांगली पंधरा मिनिटं जातात.

निघण्याआधी

गाडी हवीच. पनोलासाठी आय-20 वरून पूर्वेला जा, 68 नंबरच्या एक्झिटला उतरा आणि हायवे 155 ने दक्षिणेला साधारण सात मैल. जीपीएसला ‘पनोला माउंटन स्टेट पार्क’चं नेचर सेंटर सांगा. या पार्काला एकाहून जास्त वाहनतळ आहेत आणि आपल्या दोन्ही फेऱ्या नेचर सेंटरच्या मागून सुरू होतात. राज्याच्या उद्यानांना पार्किंग पास लागतो. आपण वर्षातून चार-पाच वेळा जाणार असं वाटत असेल तर वार्षिक पास घ्या, तो जॉर्जियातल्या बाकीच्या राज्य-उद्यानांतही चालतो.

अरेबियासाठी त्याच आय-20 वर थोडं पुढे, 74 नंबरच्या एक्झिटने क्लॉनडाइक रोडला लागा.

बूट साधे खेळाचे चालतात. ट्रेकिंगचे जड बूट विकत घेऊ नका. कोरडा ग्रॅनाइट खरखरीत असतो, रबरी तळवा त्याला छान धरून राहतो. घरून निघताना तळव्यात अडकलेली माती आणि गवताचं बी मात्र झटकून काढा. बाहेरचं तण कातळावर जायला तेवढं पुरतं. माणशी एक लिटर पाणी घ्या, उन्हाळ्यात दोन. टोपी घ्या. लांब पँट आणि फिक्या रंगाचे मोजे घाला. का ते पुढे येईलच. कुत्रा असेल तर पनोलाच्या या पायवाटांवर त्याला नेता येत नाही. त्याच्यासाठी सिमेंटचा रुंद रस्ता आहे, अरेबिया माउंटन पाथ नावाचा, तीसेक मैल पसरलेला. सायकली आणि बाबागाड्याही तिथेच.

वेळ सकाळची. जून ते ऑगस्टमध्ये दहानंतर कातळावर जाऊच नका. भर उन्हात दगडाचा पृष्ठभाग 50 अंश सेल्सियसच्या वर तापतो आणि सावली कुठेच नसते. याच महिन्यांत दुपारी गडगडाटी पाऊस येतो. ढग गुरगुरायला लागले की फोटोचा मोह सोडून लगेच झाडीत उतरा. उघड्या पाठीवर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

पहिली फेरी: कातळाच्या कडेने

नेचर सेंटरमागून रॉक आउटक्रॉप ट्रेल निघते. जेमतेम पाऊण मैलाची फेरी, म्हणजे सव्वा किलोमीटर. न थांबता चाललं तर वीस मिनिटं, पण न थांबता चालण्यासाठी ती नाहीच. मी पाऊण तास धरते.

आधी जंगल लागतं. सरळसोट पाइन आणि त्यांच्याखाली ओक, हिकरी, स्वीटगम. जमीन हळूहळू पातळ होत जाते ते झाडांवरूनच कळतं: पाइन बुटके होतात, मधे जुनिपर दिसू लागतात, पायाखाली काड्यांऐवजी दगड वाजतो. मग झाडी एकदम उघडते आणि समोर कातळ येतो. इथे ठरवून दिलेल्या जागांवरूनच पाहायचं असतं, पलीकडे जायचं नाही. नवीन माणसाला हे जरा खटकतं. एवढा मोकळा दगड, त्यावर जाऊ नका कशाला?

हे मला कळलं ते माझ्या आईमुळे. आई राजापूरची. इथे आली तेव्हा तिला पहिल्यांदा या ठिकाणी आणलं, मार्चचा शेवट होता. कातळावर खळग्याखळग्यांत लालभडक रंग पसरला होता, कोणीतरी कुंकू सांडावं तसा. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हा तर आपला सडाच की!”

सडा म्हणजे कोकणातलं उघड्या कातळाचं पठार. तिचं बरोबर होतं. दगड वेगळा, आपला जांभा आणि हा ग्रॅनाइट, पण जगण्याची रीत तीच. कोकणच्या सड्यावर आणि कासच्या पठारावर पावसाळ्यात चार बोटं मातीत फुलं येतात आणि पाणी आटलं की सगळं संपून जातं. इथेही तसंच, फक्त ऋतू उलटा. इथलं पाणी हिवाळ्यात साठतं, त्यामुळे बहर वसंतात येतो आणि उन्हाळ्यात खळगे भाजून निघतात. तो लाल रंग डायमॉर्फा स्मॉली या वनस्पतीचा. ती घोळीसारखी मांसल, पण बोटभरही उंच नाही. शरदात रुजते, थंडी लाल रंगात काढते, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बारीक पांढरी चार पाकळ्यांची फुलं देते आणि बी टाकून मरते. परागीभवन बहुतेक मुंग्या करतात. एवढ्या ठेंगण्या फुलाला मुंगीच सोयीची.

उन्हाळ्यात याच खळग्यात वाळलेल्या काटक्या आणि मूठभर वाळू दिसते. सगळं बी तिथेच असतं. अरेबियावर माझ्या पहिल्याच खेपेला मी अशाच एका वाळक्या खळग्यात बसकण मारून डबा उघडला होता, मुलगा शेजारी वाळूत बुटाने रेघा ओढत होता. मी कशावर बसले होते ते पुढच्या मार्चमध्ये, तोच खळगा लाल झालेला पाहिल्यावर कळलं. आम्ही बसलो होतो तेवढी जागा टक्कल पडल्यासारखी करडी होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

प्रत्येक खळगा किती भरत आला आहे ते त्याच्या झाडांवरून वाचता येतं, आणि एकदा जमलं की याचा नाद लागतो. नुसत्या दगडावर दगडफूल असतं. हो, आपल्या गोडा मसाल्यात पडतं त्याच्याच जातकुळीतलं. तोडून घरी मात्र नेऊ नका, नखाएवढा ठिपका वाढायला वर्षानुवर्षं लागतात. इंचभर माती साठली की डायमॉर्फा येते. थोडी वाढली की करड्या, फेसासारख्या दगडफुलांच्या गाद्या, केसाळ शेवाळ आणि सप्टेंबरात पिवळी धमक फुलणारी स्टोन माउंटन डेझी. आपल्या सोनकीच्या पठारांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्याहून खोल मातीत गवत, मग एखादं जुनिपर, एखादा पाइन. कडेपासून मधोमध नजर नेली तर एकाच खळग्यात ही सगळी वर्तुळं दिसतात.

शेवाळाची गंमत एका रेंजरबाईंनी दाखवली. कातळावर काळी, कुरकुरीत, जळून गेल्यासारखी दिसणारी एक गादी होती. त्यांनी बाटलीच्या झाकणातून तिच्यावर चार थेंब सोडले आणि म्हणाल्या, बघत राहा. मिनिटभरात काळ्याची हिरवी झाली. पानं एकेक करून उलगडताना नुसत्या डोळ्यांनी दिसली. माझा मुलगा पोटावर पालथा पडून बघत होता. तीच गादी कोरडी असताना बुटाखाली आली असती तर पापडासारखी सुटून आली असती.

दुसरी फेरी: ओढ्याकडे

पहिली फेरी संपवून परत आलात की तिथूनच दुसरी निघते. वॉटरशेड ट्रेल, सुमारे सव्वा मैल. ही ओढ्यापर्यंत उतरते आणि परत चढते. थोडा दम लागेल एवढाच चढ. वयस्कर मंडळींनी काठी घ्यावी, कारण मुळं वर आलेली आहेत.

या फेरीत मुद्दाम जमीन बघा. उतारावर जुन्या घळी दिसतात. आज त्यांच्यात पालापाचोळा आणि झाडं आहेत, पण त्या कापूसशेतीने पाडलेल्या. हा सगळा पट्टा एकोणिसाव्या शतकात कापसाखाली होता. ही जमीन 1865 पर्यंत गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी माणसांनी कसली. अरेबियाजवळच्या फ्लॅट रॉक वस्तीत त्यांच्या वंशजांनी तो इतिहास आणि जुनं दफनस्थान जपलं आहे. वर्षानुवर्षं उतारावर कापूसच घेतल्याने वरची माती वाहून गेली आणि खालची लाल चिकणमाती उघडी पडली. मग 1910 च्या दशकात बोंडाला भोक पाडून आत अंडी घालणारा भुंगा जॉर्जियात पोचला. आपल्या विदर्भातल्या बोंडअळीपेक्षा हा किडा वेगळा, पण शेतकऱ्याची दशा तीच केली त्याने. शेतं पडीक पडली.

पडीक रानात आधी गवत येतं, पाच-दहा वर्षांत पाइन. पाइनला भरपूर ऊन लागतं, म्हणून त्याची रोपं त्याच्याच सावलीत वाढत नाहीत; ओक-हिकरीची वाढतात. जुने पाइन वयाने किंवा साल पोखरणाऱ्या किड्याने पडतात आणि जागा खालच्यांना मिळते. चालताना वर बघा आणि मग कमरेच्या उंचीवर बघा: वर पाइन, खाली ओक. वरचं रान आहे ते, खालचं होणार आहे ते. हे रान अजून घडतंय आणि तुम्ही त्याच्या मधल्या पानावर आला आहात. वाटेत आडवा पडलेला पाइन दिसला तर कोणी हलवत का नाही असं वाटू देऊ नका. त्याची माती होऊ द्यायची आहे.

ओढ्यापाशी थोडं थांबा. याच उद्यानाच्या हद्दीत 41 हेक्टरांचं एक पाणलोट क्षेत्र 1985 पासून अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने अभ्यासासाठी ठेवलं आहे. तिथे एका उतारावर पाणी कसं वाहतं ते मोजताना मोठी गोष्ट हाती लागली. एका पावसात साधारण 55 मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर उताराच्या पोटातून जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. त्याच्या वर गेला की एकदम वाहू लागतं. कारण मातीखालच्या ग्रॅनाइटलाही खळगे आहेत, वर कातळावर पाहिले तसेच. ते आधी भरतात, मग एकातून दुसऱ्यात सांडत जातात आणि सगळे जोडले गेले की धार लागते. वर पाहिलेला कातळ इथे मातीखाली तसाच चालू आहे, हे मनात ठेवून परतीचा चढ चढा. मोठा पाऊस झाल्यावर दोन दिवस ही फेरी टाळावी हेही यातूनच ओघाने आलं.

पनोलाच्या मुख्य डोंगरावर, त्या सुमारे 100 एकरांच्या पाठीवर, एकट्याने जाता येत नाही. रेंजरबरोबर ठरलेल्या दिवशी, आधी नाव नोंदवून जायचं. स्टोन माउंटन आणि अरेबिया दोन्हीकडे दगडाच्या खाणी झाल्या, पनोला वाचला. म्हणून ही शिस्त. एकदा तरी नाव नोंदवाच, पण या दोन फेऱ्या झाल्यावर.

मग अरेबिया

इथे कातळावर मोकळेपणी चालायला मिळतं, म्हणूनच मी हे दुसऱ्या खेपेसाठी ठेवते. डोळे पनोलात तयार होतात, पाय इथे मोकळे होतात. क्लॉनडाइक रोडवरच्या दक्षिणेकडच्या वाहनतळापासून माउंटन टॉप ट्रेल निघते, माथा जेमतेम अर्ध्या मैलावर. ही गोल फेरी नाही, गेलात तसंच परत यायचं.

कातळावर वाट अशी उमटत नाही, म्हणून दगडांचे छोटे मनोरे रचून ठेवले आहेत. एका मनोऱ्यापाशी उभं राहून पुढचा शोधायचा, सापडला की निघायचं. मुलांना पुढे पाठवा, हे काम त्यांना आवडतं. नवीन मनोरे रचू नका; चुकीच्या जागी रचलेल्या एका मनोऱ्यामागे पन्नास माणसं खळग्यांतून जातात.

दोन मनोऱ्यांमधली सरळ रेघ खळग्यातून जात असेल तर वळसा घ्या. पाणी असलेल्या खळग्यात हात घालू नका आणि मुलांना डबक्यात उड्या मारू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. इथल्या उथळ, सपाट तळाच्या कुंडांत पूल स्प्राइट नावाची एक इवलीशी वनस्पती असू शकते. तळाशी मुळं, पाण्यावर तरंगणारी दोनच पानं, त्यांच्यात टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं फूल. तिच्या सोबतीला गवताच्या झुबक्यासारखं दिसणारं क्विलवर्ट. या आयसोइटिस कुळाच्या जाती आपल्या सड्यांवरही आहेत. एकीला तर पाचगणीचंच नाव आहे. पूल स्प्राइट आणि काळ्या बीजाणूंचं क्विलवर्ट दोन्ही 1988 पासून अमेरिकेत कायद्याने संरक्षित आहेत, आणि असे खळगे जगात फार थोड्या जागी उरले आहेत. ही कुंडं पाहायची तर फेब्रुवारी-मार्च.

माथ्यावर खाणकामाच्या खुणा दिसतील: सरळ कापलेल्या कडा, छिद्रांच्या रांगा. इथला दगड कापून नेणाऱ्या डेव्हिडसन कुटुंबाने 1970 च्या दशकात ही जमीन काउंटीला दिली, म्हणून आज आपण इथे उभे आहोत. खाण जिथे खोल गेली तिथे झाडी नव्याने धरते आहे. तिची वर्तुळं तुम्हाला आता वाचता येतील.

ओल्या कातळाचं एक: पाऊस पडून गेल्यावर दगडावर काळपट ओघळ दिसतात. ते शैवाल असतं, साबणासारखं निसरडं. ओघळ आडवा ओलांडू नका, त्याच्या वरच्या टोकाने फिरून जा.

कशाला जपायचं

पॉइझन आयव्ही ओळखायला मराठी माणसाला सोपी जाते. बेलाच्या पानासारखं त्रिदळ: मधल्या पानाला लांब देठ, बाजूची दोन जवळजवळ देठाविना. वेल झाडावर चढली की तिला केसाळ मुळं फुटतात. ही बिब्ब्याच्या कुळातली, तेव्हा अंगावर काय उठेल ते सांगायला नको. लागली असं वाटलं तर लगेच साबणाने धुवा, आणि ते कपडे वेगळे टाका. कातळावर ती सहसा नसते. जंगलातल्या वाटेच्या कडांना असते.

साप असतात. कॉपरहेड विषारी आहे, पण आपण वाटेवर राहिलो आणि पालापाचोळ्यात हात घातला नाही तर गाठ पडत नाही. लाल मुंग्यांची मातीची वारुळं उन्हाच्या जागी, वाटेच्या कडेला असतात. डबा उघडण्याआधी खाली बघा. मार्चअखेर पाइनचे पिवळे पराग गाड्यांवर बोटभर साठल्यासारखे दिसतात. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी औषध जवळ ठेवावं. डायमॉर्फाचा बहरही नेमका तेव्हाच, त्यामुळे मी मास्क लावून जाते, पण जाते.

सगळ्यात जास्त काळजी गोचिडांची. एप्रिल ते सप्टेंबर झाडीतून आल्यावर गाडीत बसण्याआधी मोजे आणि पँटची खालची कड नीट बघा. फिक्या रंगावर गोचीड चटकन दिसतो. घरी आल्यावर लगेच आंघोळ, आणि गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, मुलांच्या केसांच्या मुळाशी बोटं फिरवून बघा. सापडलाच तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. पिळू नका, तेल लावू नका, काडीने चटका देऊ नका. जागा साबणाने धुऊन तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.